दोन सूत आधीची ठिणगी

तमाम वाचकांना, आणि त्यातही ज्यांच्या गाड्या नुसतं बटण दाबल्यावर सुरू होतात अशा अभागी वाचकांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की काही वर्षांपूर्वी एका सोमवारी, भर उन्हात, सरकारी अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत, एक स्कूटर रीतसर पहिल्या गिअरमध्ये टाकली असता मागे गेली. थोडीथोडकी नाही, चांगली आठ-दहा पावलं. वर बसलेल्या बाईंचं वय सदुसष्ट होतं. या घटनेला जबाबदार असलेला इसम आजही मोकाट फिरतो, नाक्यावर उभा राहून चहा पितो आणि लोकांना गाडीची निगा कशी राखावी याचे सल्ले देतो.

तो इसम मी.

मी मोकाट आहे तो ज्यांच्यामुळे, त्या बाई माझ्या घरमालकीण. कळंबोलीत सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. साताऱ्याहून तळोज्याच्या कंपनीत बदली झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेला होतो. बायको-मुलं मुलांच्या शाळेपायी गावीच राहिली आणि मी एकटा खोली शोधत हिंडत होतो. तोवर चार मालकांनी मला माझं जेवण, माझी जात आणि माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची संख्या विचारून झाली होती. मावशींनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला अंगणात नेलं, एका प्राचीन स्कूटरला किक मारली आणि विचारलं, "काय ऐकू येतंय?"

मी म्हणालो, "चालू झाली."

"ते शेजाऱ्यालाबी कळलं. आणखी काय?"

मी मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो की थोडी दमल्यासारखी वाटतेय. खरं म्हणजे दमलो होतो मी. पण मावशींनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि खोली दिली. भाड्याच्या अटी दोन. पाण्याची टाकी भरली की मोटर बंद करायची, आणि दर रविवारी सकाळी सात वाजता स्कूटरजवळ बसून दिवा धरायचा. दिवा म्हणजे बॅटरी. ही दुसरी अट भाडेकरारात लिहिलेली होती, माझ्या सहीसकट. मावशींचे आधीचे तीन भाडेकरू हाच दिवा धरून गेले होते आणि त्यातल्या एकाने पुढे नोकरी सोडून रिक्षाचं गॅरेज टाकलं, असं त्या एखाद्याचा मुलगा कलेक्टर झाल्यासारखं सांगत.

स्कूटरचा रंग मुळात पिस्त्याचा. त्यावर गंजाचे बदाम उमटलेले. मावशींनी ती लोखंड बाजारातल्या एका सुपरवायझरकडून स्वतःच्या पगारातून घेतली होती. त्यांच्या परभणीकडच्या वस्तीत तोवर कुणाच्या दारात सायकलपलीकडे काही उभं राहिलं नव्हतं. नवरा बाजारात हमाल होता, तो तरुणपणीच गेला, आणि मावशी बाजारातल्या वजनकाट्यावर नोकरीला लागल्या. ट्रक काट्यावर चढायचा, मावशी आकडा लिहून चिठ्ठी फाडायच्या. सव्वीस वर्षं. त्यातून त्यांना एक वाईट खोड लागली होती, ती म्हणजे कशाचंही वजन सांगणं. मी पहिल्यांदा जिना चढून वर गेलो तेव्हा खालून आवाज आला, "ब्याऐंशी." मी त्याच आठवड्यात मेडिकलच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर उभा राहिलो. ब्याऐंशी.

शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या काट्यावर भंगार फार येई. चेपलेल्या गाड्या, चाकं काढलेल्या स्कूटरी. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "माणूस गेला की चार लोकं येतात, रडतात. गाडी गेली की निस्तं वजन सांगतात. आन ते सांगायला मीच बसलेली."

आता रविवारच्या विधीविषयी. पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन वर चढत असतो. तो अगदी माथ्यावर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे. त्या किंचितचं गणित जमलं की गाडी गाते. ठिणगी उशिरा पडली तर गाडी रेंगाळते, तापते, मागून फटफट शिव्या देते. लवकर पडली तर इंजिन आतून टकटक करतं आणि किक मारणाऱ्याच्या पायाला उलटा हिसका देतं. हल्लीच्या गाड्यांत हे सगळं एक डबी ठरवते. मावशींना त्या डबीची कीव येई. "त्यांची वेळ कंपनीनं ठरवून दिलेली. आपली आपण ठरवायची," असं त्या म्हणत.

ती ठरवायला त्यांना लागे एक खिळा, एक स्क्रू-ड्रायव्हर, मॅग्नेट ओढून काढायचा पुलर आणि सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद. मॅग्नेट म्हणजे इंजिनाच्या उजव्या अंगाला फिरणारं जड चाक. त्याच्यामागे एक गोल प्लेट, तिच्यावर दोन पॉइंट. ते एकमेकांपासून सुटतात त्या क्षणी ठिणगी पडते. मावशी चाकातल्या खिडकीतून कागदाची पट्टी त्या दोन पॉइंटांच्या चिमटीत धरत आणि दुसऱ्या हाताने मॅग्नेट हळूहळू फिरवत. कागद ताणलेला असे, ताणलेला असे, आणि अचानक हलका होऊन हातात येई. "सुटला," मावशी म्हणत. त्या एका शब्दापुरता त्यांचा चेहरा सोळा वर्षांच्या मुलीसारखा होई. मग तो सुटलेला क्षण आणि त्यांनी केसिंगवर खिळ्याने ओढलेली खूण जुळते का ते बघायचं. न जुळली तर प्लेट थोडी फिरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

खूण बहुधा जुळलेलीच असे. मी एकदा धीर करून म्हणालो की मावशी, हे वर्षातून दोनदा केलं तरी चालेल. त्यावर त्यांनी मला विचारलं की तुझ्या घरी भाताचं शीत वर्षातून दोनदा दाबून बघतात का.

कागदासाठी त्या पानटपरीवर जात. सिगारेट आयुष्यात ओढली नाही, पण टपरीवाला त्यांच्यासाठी रिकामी पाकिटं जपून ठेवायचा. नवीन गिऱ्हाईक असेल तर ते पाहून चपापे. मावशी त्याला समजावत की मला फक्त आतलं पाहिजे, बाहेरचं तुमचं तुम्ही भोगा.

त्यांचा कान हा स्वतंत्र विषय आहे. सकाळी दूधवाला गल्लीत शिरला की त्या चहाचा कप हातात धरून म्हणत, "ह्याची उशिरा पडतीय." सिग्नलला शेजारी थांबलेल्या परक्या माणसाच्या हेल्मेटवर बोटाने टकटक करून त्या सांगत, "भाऊ, तुमची गाडी रागावलीय." भाऊ घाबरून सिग्नल तोडत. स्वतःची गाडी त्या आधी उघड्या कानांनी ऐकत, डोकं डावीकडे कलवून, पुरतं मिनिटभर, आणि मगच हेल्मेट चढवत. हा नेम मी दोन वर्षांत एकदाच मोडलेला पाहिला.

माणसांचीही त्या अशीच वर्गवारी करत. काही पुढचे, काही मागचे. पुढचे म्हणजे ज्यांची ठिणगी लवकर पडते. मी पुढचा. एकदा मॅनेजरने चारचौघांत माझा पाणउतारा केला, तेव्हा मी घरी येऊन राजीनामा लिहिला. चार पानी. त्यात दोन म्हणी होत्या आणि एक शाप होता. मावशींनी तो वाचला, घडी घातली, गव्हाच्या डब्याखाली ठेवला आणि म्हणाल्या, "थांब. अजून वर चढू दे." मी तीन आठवडे डब्याकडे बघत जेवलो. चौथ्या आठवड्यात मॅनेजरचीच बदली झाली. माझ्या दोन्ही मुलांच्या फिया आजही त्याच नोकरीतून जातात. तो राजीनामा मावशींनी कधी परत दिला नाही. त्यातला शाप त्यांना आवडला होता, असा मला संशय आहे.

मागचा म्हणजे त्यांचा मुलगा. एकेकाळी याच स्कूटरवर आईच्या पुढ्यात उभा राहून शाळेत गेलेला, आता करंजाड्याला अकराव्या मजल्यावर राहणारा, पंचेचाळिशीचा, देहाने ऐसपैस आणि स्वभावाने काळजीखोर. आईसाठी दर पौर्णिमेला यायचा. येताना सफरचंदं आणि ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र आणायचा, आणि खीर खाता खाता एकच विषय काढायचा.

"आई, कळंबोलीत ट्रक बघ कसे चालतात. तू त्यातून स्कूटर घालतेस. मला ऑफिसात बसून टेन्शन येतं गं."

मावशी म्हणायच्या, "ट्रकवाले वळखतात मला. सगळ्यांची वजनं केलीत मी."

हे अनेक पौर्णिमा चाललं. मग स्कूटरच्या कागदांची मुदत संपत आली. पुढच्या पाच वर्षांसाठी गाडी तपासणीच्या मैदानावर नेऊन दाखवायची होती, आणि मुलाला संधी सापडली. त्याने खिरीची वाटी खाली ठेवून सौदा मांडला. गाडी पास झाली तर तो पाच वर्षं तोंड उघडणार नाही. नापास झाली तर गाडी भंगारात, आणि आई करंजाड्याला.

मला वाटलं मावशी भांडतील. त्या फक्त म्हणाल्या, "चालंल. खीर गार होतीय." मुलगा गेल्यावर मी त्यांना धीर द्यायला गेलो तर त्या अंगणात स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पेट्रोल काढून एकशे चार किलो भरंल."

तपासणीच्या आदल्या रविवारी मावशींच्या गुडघ्यांनी संप केला. गाडीवर बसता येत होतं, पण खाली बसता येईना. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, दिवा स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "सातारकर, आज तू कर."

मी केलं. मॅग्नेट ओढला, पॉइंट घासले, मॅग्नेट परत बसवला, कागद धरला, चाक फिरवलं. कागद सुटला. खूण जुळली. मावशींनी वाकून बघितलं, मान हलवली आणि अंघोळीला गेल्या. गोष्ट इथेच संपली असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

पण ट्रकच्या अड्ड्यावरच्या एका मेकॅनिकने मला एक गुरुमंत्र दिला होता की ठिणगी जरा लवकर पाडली की गाडी जोरात ओढते. आमची स्कूटर उड्डाणपुलावर चढताना धापा टाकायची. मला वाटलं, साहेबांनी चढ चढून दाखव म्हटलं तर? मावशींची अंघोळ पाऊण तासाची. मी मॅग्नेट पुन्हा ओढला आणि प्लेट एक सूत फिरवली. आमच्याकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग आणखी एक सूत फिरवली. पहिलं गाडीच्या भल्यासाठी होतं. दुसरं निव्वळ माझ्या हौसेचं. गल्लीत चक्कर मारली तर स्कूटर शेळीसारखी उड्या मारत पळाली. मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी मुलगा आपली कार घेऊन दारात आला आणि हॉर्न वाजवत उशीर होतोय म्हणून घाई करू लागला. त्या गडबडीत मावशींनी गाडी ऐकण्याआधीच हेल्मेट घातलं. मी मागे बसलो. वाटेत त्या एकदा म्हणाल्या की आज ही लई तरतरीत वाटतीय. मी मागच्या मागे लाजलो.

मैदानावर तासभर रांगेत उन्हात उभे राहिलो. नंबर आला तेव्हा साहेब म्हणाले, आधी हेल्मेट, मग किक. त्या उन्हात इंजिन अजून गरमच होतं. मावशींनी किक मारली, किकने त्यांच्या पायाला उलटा हिसका दिला, आणि इंजिन सुरू झालं. हेल्मेटमुळे आवाजातलं त्यांना काही कळलं नाही. मला कळलं. दोन वर्षं दिवा धरल्यामुळे मला ते ऐकू आलं. आवाज आत ओढल्यासारखा येत होता, कुणी हुंदका उलटा देतंय तसा.

ठिणगी फारच लवकर पडली की ती वर चढणाऱ्या पिस्टनला अर्ध्यातून परत खाली लोटते आणि इंजिन उलटं फिरू लागतं. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला उलटं फिरण्याची लाज नसते. ते तितक्याच आनंदाने फिरतं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. मावशींनी पहिला गिअर टाकला, समोर बघून क्लच सोडला, आणि मागे निघाल्या.

मागे फॉर्म भरून देणाऱ्यांची टेबलं होती. एक चहावाला किटली डोक्यावर धरून बाजूला झाला. दोन एजंट टेबलासकट उठले. मावशींनी क्लच दाबून गाडी थांबवली आणि ताठ बसून राहिल्या, जणू त्यांचं चहावाल्याकडेच काही काम होतं. मैदानभर हशा पिकला. साहेबांनीही हसू दाबत विचारलं, "मावशी, रिव्हर्स गिअर कधी बसवून घेतला?"

मुलगा मात्र हसत नव्हता. तो धावत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बास झालं आई. मागे कुणी लहान मूल असतं तर? कुणी केलं हे टायमिंग?"

मी पुढे झालो. मी म्हणणारच होतो. मावशींनी हेल्मेट काढलं, उलट्या फिरणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी बंद केली.

"मी केलं," त्या म्हणाल्या.

त्या दोन शब्दांनी त्यांनी मुलाच्या हातात काय दिलं, हे तिथे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. तुझे डोळे गेले, गुडघे गेले, आता हातही गेला, असं तो म्हणू शकत होता, आणि तो ते म्हणालाही. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग साहेबांकडे पाव तास मागितला. साहेबांनी त्यांचा नंबर शेवटी लावला.

मावशी भर मैदानात मातीत फतकल मारून बसल्या. त्या गुडघ्यांनी कशा बसल्या ते त्यांनाच माहीत. डिकीतून हत्यारं काढली, मॅग्नेट ओढला आणि माझी दोन सुतं बघितली. त्यांची खिळ्याची खूण एकीकडे, प्लेट भलतीकडे.  म्हणाल्या, "सातारकर, दिवा धर." वर सूर्य आग ओकत होता. मी निमूटपणे मोबाईलची बॅटरी लावली आणि धरली. माझी ती पदावनती होती आणि ती मला मान्य होती.

मग कागद हवा होता. कालचा मी फेकून दिला होता. मावशींनी मान वर करून विचारलं, "कुणाकडं सिगारेटचं पाकीट हाय का?"

भोवती तीसेक पुरुष उभे होते. ट्रकवाले, रिक्षावाले, एजंट. समोर भिंतीवर धूम्रपान मनाईचा फलक, मध्ये साहेब, खाली सदुसष्ट वर्षांची बाई. एकाएकी तीसही जण निर्व्यसनी झाले. साहेबांनीही खिशाकडे गेलेला हात सावकाश मागे घेतला. मावशी वाट बघत होत्या. पाव तासातली मिनिटं जात होती.

मुलगा माझ्या शेजारी उभा होता. बाप गेला तेव्हा शाळकरी वयात त्याने आईला शब्द दिला होता की बिडी-काडीला हात लावणार नाही, आणि मावशी ही गोष्ट दर पौर्णिमेला अभिमानाने मला सांगत. तो नुसता गप्प उभा राहिला तरी पुरे होतं. शेवटचा नंबर येईपर्यंत गप्प राहिला असता तर आई करंजाड्याला आली असती. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग त्याने शर्ट वर केला, पँटच्या मागच्या खिशातून पाकीट काढलं आणि वाकून आईच्या तळहातावर ठेवलं.

मावशींनी पाकिटाकडे बघितलं. मुलाकडे बघितलं नाही. आतला कागद फाडून पट्टी केली आणि उरलेलं पाकीट स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन लावली. प्लेट खुणेवर आणून चाक परत बसवलं, पॉइंटांत पट्टी धरली, चाक फिरवलं. भोवतीचे तीस जण वाकून बघत होते.

"सुटला," मावशी म्हणाल्या.

त्यांना उठवायला मुलगा आणि साहेब असे दोघे लागले. पुन्हा नंबर आला तेव्हा किक एका झटक्यात बसली. स्कूटर पुढे गेली, वळली, परत आली. साहेबांनी दिवा पाहिला, हॉर्न वाजवला, चासी नंबर ताडून बघितला आणि कागदावर सही केली. पाच वर्षं.

पुढच्या रविवारी दिवा धरताना मी कबुली दिली. मावशी म्हणाल्या की ते हेल्मेट काढल्या काढल्याच कळलं होतं. मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत, असं मी विचारलं. मॅग्नेट फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "शिकणाऱ्याची पहिली चूक त्याच्या नावावर टाकू नये लेकरा. मंग तो हातच लावत नाही." एवढंच. आता माझं कुटुंब इकडे आलं आहे, आम्ही नावड्याला राहतो, भाडेकरार केव्हाच संपला. तरी रविवारी सात वाजता मी कळंबोलीत असतो. कंपनीत नव्या पोरांच्या दोन-तीन चुका मी माझ्या नावावर घेतल्या आहेत. ती पोरं आज माझ्यापेक्षा चांगलं काम करतात. माझ्या पदरी पडलेल्या शहाणपणाचं मी वजन केलं, तर त्यातलं बरंचसं मावशींच्या काट्यावरचं भरेल.

पण मैदानावरचं शेवटचं सांगायचं राहिलं.

सही झाली. मावशी स्कूटरवर बसल्या. हेल्मेट हातात, डोकं डावीकडे कललेलं, इंजिन ऐकत. ते अगदी वेळेवर गात होतं. मला त्यांनी सांगितलं की तू ह्याच्या गाडीतून ये, मी पुढं होते. मुलगा तिथेच उभा होता. पंचेचाळीस वर्षांचा, घामाने भिजलेला, सौदा हरलेला, पाकीट जप्त झालेला.  मग त्याने माझ्याकडे न बघता आपल्या गाडीची चावी माझ्या हातात कोंबली, स्कूटरच्या हँडलवर हात ठेवला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या तोंडून निघून गेलं,

"आई, मी पुढं उभा राहू?"